दुधाचा थेंबही नाही

अणदूर, ता. ८ फेब्रुवारी १९४८

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

तीर्थस्वरूप रामलिंगअण्णांना धाकटी बहीण शिवकांता हिचा नमस्कार.

पत्र खाजाभाईंच्या हाती देते आहे. ते आमच्या शेजारचे, सोलापूर-नळदुर्ग मोटार चालवतात. पोस्टात टाकलं असतं तर निजामाचं पोस्ट आणि तुमच्याकडचं पोस्ट यांच्यात ते आठ दिवस लोळत पडलं असतं. मला तेवढा धीर नाही.

बाळ पंचवीस दिवसांचं झालं. नाव रेवणप्पा ठेवलं. पाचव्या दिवशी स्वामींनी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधलं, तेव्हा चांगला टणक होता. आता डोळे आणि तळवे पिवळे पडलेत. पाजलं की ओकतो, आणि ओकत नाही ते पातळ होऊन जातं. अण्णा, पहिल्याचंही असंच झालं होतं. तो सव्वा महिन्याचा होऊन गेला. मी रोज बोटांवर दिवस मोजते.

परवा सासूबाईंनी माझं दूध वाटीत घेतलं आणि उंबऱ्याजवळ मुंग्यांच्या रांगेवर ओतलं. मुंगी मेली तर दूध वाईट, अशी इकडची परीक्षा. चार मुंग्या पळाल्या, एक बुडाली. वाटीभर ओतल्यावर बुडेल नाहीतर काय! पण सासूबाई म्हणाल्या, "बगितलंस? पहिल्याला ह्यानंच खाल्लं." तेव्हापासून मला पाजू देत नाहीत, बोंडल्यानं बकरीचं दूध घालतात. त्यानं जास्तच बिघडलं. त्या विहिरीवर गेल्या की मी चोरून पाजते, आणि तेही ओकून पडतं. मग मला वाटतं, त्यांचंच खरं असेल.

तामलवाडीला सासूबाईंच्या भावाची लेक लग्नाची आहे. "दुसरं करावं लागंल," हे शब्द मी चुलीपाशी बसून ऐकलेत. आमच्या ह्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांचं तोंड जेवायला उघडतं आणि पानाला उघडतं.

बाळंतिणीला सव्वा महिना उंबरा ओलांडता येत नाही, आणि ओलांडला तरी नळदुर्गच्या रस्त्यावर रझाकार उभे. तुम्ही दवाखान्यात कंपाउंडर आहात. डॉक्टरांना विचारा, आईचं दूध लेकराला मारतं का?

तुमची,
शिवी

*

सोलापूर, ता. १२ फेब्रुवारी १९४८

चि. सौ. शिवकांतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी डॉक्टरांपुढे शब्दन् शब्द वाचलं. मुंगीचा मजकूर तेवढा गाळला; आपल्या घरची अब्रू काय दवाखान्यात मांडायची?

आता नीट वाच. डॉक्टर म्हणतात, लाखात एखाद्या मुलाला दुधातली साखर जन्मतःच सोसत नाही. मग ते दूध आईचं असो, गाईचं असो, बकरीचं असो, त्याला सगळं सारखंच. एका आईच्या दोन लेकरांत हा दोष येऊ शकतो. तेव्हा तुझ्या दुधात विष नाही. हे वाक्य दोनदा वाच आणि तुझ्या नवऱ्याला, नागप्पालाही वाचून दाखव.

उपाय एकच. दूध बंद. थेंबही नाही. ताक नाही, दही नाही, लोणी नाही. तांदळाची पेज गाळून दे. मुगाच्या डाळीचं वरचं पाणी दे. आणि शेंगदाणे भिजत घाल, सालं काढ, पाट्यावर बारीक वाट, पाणी घालून फडक्यातून पिळ आणि मंद आचेवर उकळ. दुधासारखंच पांढरं होतं. त्यात गुळाचं पाणी घालून बोंडल्यानं पाज. एका वेळी थोडं आणि दिवसातून आठदा. बोंडलं दर वेळी उकळत्या पाण्यातून काढ. डॉक्टरांनी बजावलंय, सगळं दूध सोडून एकच थेंब चालू ठेवला तरी पोर उभं राहायचं नाही.

मी अकरा वर्षं या दवाखान्यात औषधं घोटतोय. माझं ऐक.

आशीर्वाद.
रामलिंग

*

अणदूर, ता. २१ मार्च १९४८

अण्णा, तुमच्या तोंडात साखर पडो!

चौथ्या दिवशी ओकारी थांबली. पंधरा दिवसांत पिवळेपणा गेला. आता मूठ वळून माझी बांगडी धरतो. तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेंगांचं पोतं आणून टाकलं. आमच्याकडे याला बोलणंच समजायचं.

सासूबाई आधी कडाडल्या, "दुधाबिगर लेकरू? आपून वासराच्या तोंडातलं काढून पितो का न्हाय? मग आपल्या लेकराला शेंगा?" पण एकदा मान हलवली की त्या बाई पाळतात. बकरी अजीजाबीच्या, म्हणजे खाजाभाईंच्या बायकोच्या दावणीला बांधून आल्या. शेंगदाणे स्वतः वाटतात. माझ्या हाताला, पदराला, उशीला सगळीकडे शेंगदाण्याचा वास आहे. माझं दूध आटलं. आटताना चार दिवस ताप होता. त्याबद्दल काही लिहीत नाही.

एक मात्र कळत नाही. पोर शनिवार-रविवारपर्यंत हसतंखेळतं असतं आणि मंगळवारी पुन्हा बिघडतं. पोट फुगतं, पातळ होतं, दोन दिवस मान टाकून असतं. बुधवार-गुरुवारी सावरतं. पाच आठवडे हेच चाललंय. वजन म्हणून धरत नाही. अजीजाबी म्हणते, नजर आहे. नजर काय वार बघून लागते?

शिवी

*

सोलापूर, ता. २८ मार्च १९४८

चि. शिवी, आशीर्वाद.

डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट आहे. मंगळवारी बिघडतं, त्या अर्थी सोमवारी कोणीतरी दूध देतंय. आता तूच सांग, सोमवारी पोर तुझ्या हातून कधी सुटतं?

मीच सांगतो. तुझा सोमवारचा उपवास. सकाळी तासभर तू पूजेला बसतेस. तोवर पोर तुझ्या सासूबाईंच्या, गंगम्मांच्या मांडीवर. त्यांना तामलवाडीची भाची घरात आणायची आहे. दोन अधिक दोन किती होतात, हे मी तुला शिकवायला हवं का?

डोळे उघडे ठेव.

रामलिंग

*

अणदूर, ता. १८ मे १९४८

अण्णा,

दीड महिना मी डोळे उघडे ठेवले. घर तीन खणांचं, चूल एक, आणि मी त्यांच्या हाताकडे बघत बसलेली. त्या पाणी प्यायला उठल्या तरी मी उठायची. दोघी दिवसभर एकमेकींच्या अंगावर आणि बाहेर जायची सोय नाही. गावात दिवसाढवळ्या दारं लावून घेतात. भीती बाहेर होती तशी मी ती आतही आणून ठेवली.

काल सोमवार. पूजा अर्ध्यावर टाकून मी उठले आणि धावत ओसरीवर आले. सासूबाईंनी बोंडलं रेवणच्या तोंडात धरलं होतं. मी ते हिसकलं. सांडलं. अण्णा, मी चव घेऊन बघायच्या आधी बोलून गेले. "लेकराला विष घालता? भाचीसाठी?" हे होते, अजीजाबी दारात होती. मग मी बोट चाटलं. मुगाचं पाणी.

सासूबाईंनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. म्हणाल्या, "ह्याची आन घेऊन सांगते, दूध बंद केल्यापासून म्या ह्या लेकराला दुधाचा थेंब दिला न्हाय. दिला असंल तर मला पानी मिळू ने." एवढं बोलून आत गेल्या. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. शेंगदाणे वाटून वाटी माझ्यापुढे ठेवतात आणि जातात. पोराला हात लावत नाहीत. तो त्यांच्याकडे झेपावतो, त्या तोंड फिरवतात.

मला लाज वाटली. अर्धी राहिलेली पूजा जाऊन पुरी केली, पोराला मांडीवर घेऊन बसले. आणि आज मंगळवार. आज पुन्हा त्याचं पोट फुगलंय.

आता काय समजू? लिंगाची खोटी आण घेणारी बाई ती नव्हे. पण मग पोराला कोण देतंय? हे एवढंच म्हणाले, "आईला असं बोलायला नको होतं." सहा महिन्यांत बोललेलं सर्वांत मोठं वाक्य.

शिवी

*

सोलापूर, ता. ७ जून १९४८

चि. शिवी,

आणेचं काय घेऊन बसलीस? कोर्टात रोज शंभर माणसं शपथा घेतात. तू पोर उचल आणि निघून ये. खाजाभाईंची मोटार अजून दोन-चार फेऱ्या करील म्हणतात. इथे लोक रोज सांगतात की हद्द पक्की बंद होणार, माल तर आताच अडवतायत. तू एकदा तिकडे अडकलीस की मी इथे नुसता हात चोळत बसणार. नाक्यापर्यंत मी स्वतः येतो. दिवस कळव.

रामलिंग

*

अणदूर, ता. ५ ऑगस्ट १९४८

तीर्थस्वरूप अण्णांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळून दीड महिना झाला. जूनमध्ये मी बोचकं बांधलं होतं. ह्यांनी बघितलं आणि दारात बसले. ओरडले नाहीत. म्हणाले, "तू जा. पोर न्यायचं न्हाय. रस्त्यात गोळी लागली तर?" मी बोचकं सोडलं. खोटं कशाला सांगू, मलाही तीच भीती होती. आता तर मोटारही बंद. खाजाभाई एका बैलगाडीवाल्याबरोबर कडेकडेनं हद्दीपर्यंत जाणार आहेत, म्हणून हे पत्र. पुन्हा जमेल असं ते म्हणत नाहीत.

रेवण साडेसहा महिन्यांचा झाला. बसत नाही. हात काडीसारखे आहेत. उजव्या डोळ्यात काहीतरी पांढरं दिसतं, उजेडाकडे धरलं की जास्त दिसतं. तामलवाडीहून माणूस येऊन गेला, निरोप काय होता ते मला कोणी सांगितलं नाही.

माणसांचे उपाय संपले, आता मी देवालाच धरलंय. उद्यापासून श्रावण लागतो. मी नवस बोलले आहे. आजवर रेवणच्या लिंगाला सोमवारीच दुधाचा अभिषेक करत होते, बाकीचे दिवस पाण्याचा. आता श्रावणभर रोज वाटीभर दुधाचा करीन, आणि एका पळीऐवजी तीन पळ्या तीर्थ त्याला माझ्या हातानं देईन. सोमवारचं दूध अजीजाबी आणून देते. पण पूजेसाठी रोज दूध आणायचं, तर घरात बोलायचं कुणाशी? ह्यांच्यामार्फत सासूबाईंना निरोप दिला. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग मान हलवली. तीन महिन्यांत पहिल्यांदा बघितलं असेल.

तुम्हीही सिद्धेश्वराला त्याच्या नावानं बेल वाहा.

शिवी

*

सोलापूर, सोमवार, ता. ९ ऑगस्ट १९४८

शिवी, तीर्थ देऊ नकोस!

पत्र काल संध्याकाळी मिळालं. मी वाचलं, डोळ्याला लावलं आणि घडी करून ठेवलं. मला काही कळलं नाही. कळणार कसं? मीही त्याच घरात वाढलोय. आज सकाळी पूजेला बसलो, लिंगावर दूध घातलं, हातावर तीर्थ घेतलं, ओठांना लावलं आणि हात तिथेच थांबला. जिभेला दुधाची चव लागत होती. जन्मभर लागत आली असेल.

तीर्थ म्हणजे दूधच, शिवी. सोमवारी तीर्थ, मंगळवारी पोट. मी तुला विचारलं, पोर तुझ्या हातून कधी सुटतं; तुझ्या हातून त्याच्या पोटात काय जातं, ते विचारलंच नाही. आपल्या दोघांच्याही मनात आलं नाही, कारण ते दूध म्हणून आपण कधी मोजलंच नाही. देवाचं ते देवाचं. धावत डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, आठवड्याला एक पळी एवढी बाधते, मग रोज तीन पळ्या देऊन पोर श्रावण काढणार नाही.

आजच थांबव. पाण्याचा अभिषेक कर. नवसाचं पाप माझ्या डोक्यावर.

गंगम्मांवर आळ मी घेतला होता, तू नव्हे. त्यांना तसं सांग.

रामलिंग

*

सोलापूर, ता. २४ ऑगस्ट १९४८

शिवी,

मागचं पत्र पोस्टानं टाकलं होतं, काल ते माझ्याच दारात परत आलं. वाट बंद. खाजाभाई गेले ते पुन्हा दिसले नाहीत. मी दोनदा नाक्यावर जाऊन आलो. शिपायाला म्हटलं, चिठ्ठीत तीनच शब्द आहेत, कुणाला तरी ओरडून सांगू दे. त्यानं मला वेड्यात काढलं.

अणदूर इथून एका दिवसाच्या वाटेवर आहे. तू रोज सकाळी पोराला मांडीवर घेऊन पळी उचलत असशील, आणि मी इथे दुसऱ्यांच्या मुलांची औषधं घोटतोय. दोन्ही पत्रं एकत्र बांधून ठेवतो. वाट उघडली की पहिल्या माणसाबरोबर पाठवीन. तोवर उशीर झालेला नसो.

रामलिंग

*

अणदूर, ता. २४ सप्टेंबर १९४८

तीर्थस्वरूप अण्णांना शिवकांताचा नमस्कार.

आधी हे वाचा: रेवण जिवंत आहे. बसतो. दोन दात आलेत. सासूबाईंचं बोट चावतो.

तुमची दोन्ही पत्रं काल दुपारी मिळाली. तेरा तारखेला सोलापूरकडून फौज आली, नळदुर्गच्या पुलावर तोफा वाजल्या, आणि चार दिवसांत निजामाचं राज्य गेलं. गावात पेढे वाटले. खाजाभाईंच्या घराला मात्र कुलूप आहे. ती माणसं कुठे गेली, विचारलं तर लोक दुसरीकडे बघतात. अजीजाबीनं जाण्याआधी आमची बकरी आमच्या दारात आणून बांधली होती, एवढंच मला माहीत आहे.

पत्र वाचून मला काहीच सुधरेना. श्रावणातले तीस दिवस मी तीन पळ्या दिल्या होत्या. एकही दिवस चुकला नव्हता. आणि त्याच तीस दिवसांत पोर सुधारलं होतं! मी म्हणत होते, नवस फळला. आता तुम्ही लिहिता की मरायला हवं होतं. मी पत्र घेऊन तशीच सासूबाईंच्या पुढ्यात जाऊन बसले. त्या शेंगा फोडत होत्या. मी विचारलं, "आत्याबाई, पूजेला दूध कोण ठेवत होतं?"

"म्याच."

"कुठलं?"

त्यांनी फोडलेली शेंग टोपल्यात टाकली. "दूध न्हवतंच ते. शेंगदान्याचं व्हतं. तुला वास आला न्हाय, कारन तुझ्या अंगाला तोच वास."

मी पदर नाकाशी नेला. त्याच बोलल्या. "तू माज्या हाताकडं बगत बसलीस. मला काय काम? म्या तुझ्या हाताकडं बगत बसले. सोमवारी पळी, मंगळवारी पोट. मला अक्षर येत न्हाय, पर वार तर येतेत."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? तू चारचौघांत म्हनलीस, विष घालता. त्याच्यावर म्या म्हनायचं, का तूच घालतीस? खरं वाटलं असतं तुला? म्हनली असतीस, म्हातारी उलटी फिरली. आन खरं वाटलं असतं, तर पळी धरलेला हात घेऊन तू जगली असतीस का?"

मे महिन्यातच त्यांना संशय आला होता. खात्री करायला दोन महिने लागले. श्रावणाच्या नवसाचा निरोप ऐकला आणि त्यांनी ठरवलं. अण्णा, ही बाई तोंड धुतल्यावर लिंगपूजेशिवाय पाणी पीत नाही. तिनं महिनाभर देवापुढे खोटं दूध ठेवलं, रोज, आणि शेजारी मी हात जोडून बसलेली.

मी पाया पडायला वाकले, त्यांनी पाय ओढून घेतले. आणि रडल्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "पाया नगं पडू. लेकराचा डोळा बग. म्या देवाला फशिवलं, त्याचं हे त्यानं वसूल केलं. मला द्यायची शिक्षा लेकराला दिली."

उजव्या डोळ्यावर आता सायीसारखा पापुद्रा आहे. त्या डोळ्यापुढे बोट नेलं तर तो पापणी हलवत नाही. सासूबाई रोज सकाळी तो डोळा पुसतात, माफी मागतात, आणि कुणाला दिसू नये म्हणून पाठ फिरवून बसतात. मी म्हटलं, तसं नाही, श्रावणाच्या आधीच पांढरं दिसत होतं. त्या ऐकत नाहीत. मी समजूत काढते आहे, असं त्यांना वाटतं. सून चांगली वागायला लागली की सासूला तिचं खरं वाटत नाही, हे एक नवीनच कळलं.

येत्या सोमवारी मी, सासूबाई आणि रेवण, आम्ही तिघं सोलापूरला येतो. हे नळदुर्गपर्यंत सोडतील. तामलवाडीला त्यांनी स्वतः जाऊन नकार कळवला. काय बोलले ते विचारलं, तर "नाही म्हणालो" एवढंच म्हणाले.

डॉक्टर डोळा बघतील. तो दुधानं गेला की आणखी कशानं, ते त्यांना कळेलच. मला वाटतं, दुधानं. म्हणजे माझ्या पळीनं. तसं असेल, तर अण्णा, तुम्ही मला बाजूला घेऊन हळूच सांगाल, मला तुमचा स्वभाव माहीत आहे. तसं करू नका. सासूबाईंच्या समोर सांगा. त्यांना मराठीतलं अवघड कळलं नाही तर कानडीत सांगा. डोळा देवानं नेला नाही, सुनेच्या हातानं गेला, असं स्पष्ट म्हणा आणि दोनदा म्हणा, आणि बोलताना माझ्याकडे बघून आवाज खाली आणू नका.

तुमची,
शिवकांता